कुलपातली मलमपट्टी

पेटीला कुलूप लावायचं, एवढंच तेओपिस्तोने ठरवलं होतं. नवऱ्याने स्वतःच्या घरात एवढंही ठरवू नये की काय? (नये. पण ते त्याला फार उशिरा कळलं.)

पेटी म्हणजे प्रथमोपचाराची. लाल, चेनवाली, वर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आमच्या मालिनावला आल्या आणि सरळच बोलल्या, "तुमचं गाव नारळाचं. घरोघरी कोयते, सोलायला अंगणात रोवलेले भाले. मोठी जखम झाली तर दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस रिकामा व्हायचा. कुणीतरी शिकून घ्या." गावाच्या कपितानने, म्हणजे आमच्या सरपंचाने, विचारलं, "कोण शिकतंय?" सगळे बाप्ये छपराकडे बघायला लागले, जणू छपरावर उत्तर लिहिलंय. मग नर्सबाई म्हणाल्या, शिकणाऱ्याला जेवण आहे. तेओपिस्तोचा हात वर गेला.

खरं सांगायचं तर तो मन लावून शिकला. जेवला त्याहून जास्त शिकला. आणि ती लाल पेटी छातीशी धरून घरी आला, तेव्हा लग्नातही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं एवढं तेज होतं, असं त्याची बायको पुरिंग सांगते.

आता आमच्याकडची एक खोड आहे. चांगली वस्तू आम्ही वापरत नाही. घरोघरी काचेचं कपाट असतं, त्यात पाहुण्यांसाठीच्या बश्या असतात, आणि त्या बशीत एकही पाहुणा कधी जेवलेला नसतो. पेल्यांवरची चिकटपत्री तशीच. सोफ्याचं प्लास्टिक सोफा मरेपर्यंत काढायचं नाही, उन्हाळ्यात मांड्या चिकटल्या तरी. तेव्हा पेटी कुठे गेली हे वेगळं सांगायला नको. बश्यांच्या मधोमध, आणि बाहेरून कुलूप.

दुसऱ्याच दिवशी मासे साफ करताना पुरिंगचं बोट कापलं.

"एक पट्टी काढ रे त्या पेटीतली."

तेओपिस्तोने बोट उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. "हे गंभीर नाही."

"रक्त येतंय, आंधळा आहेस का?"

"येतंय. उडत नाही. पेटी गंभीर अपघातासाठी आहे, पुरिंग. आज तुझ्या बोटाला पट्टी दिली, उद्या सगळं गाव येईल. आणि परवा कुणाचा पाय तुटला, तर मी काय लावू? तुझं बोट?"

"मग जरा आणखी कापून आणते," पुरिंग म्हणाली, आणि बोट तोंडात घालून माशांकडे गेली.

गाव आलंच. शेजारची म्हातारी आलिंग सेपा (आलिंग म्हणजे आमच्याकडची मावशी) सोललेला गुडघा घेऊन आली. तेओपिस्तोने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "आलिंग, आणखी थोडं लागलं की या." म्हातारीने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. आंब्रोस्योच्या पायाच्या अंगठ्याला नारळाचा भाला लागला, तो लंगडत आला. आंब्रोस्यो म्हणजे तेओपिस्तोच्या पोरीचा धर्मपिता, दोघं एकमेकांना 'पारे' म्हणतात. त्यालाही तेच. "पारे, अंगठा जाग्यावर आहे ना? मग?" आंब्रोस्योने पेरूचा पाला चावून अंगठ्यावर थापला आणि पेटीकडे बघत काचेवर थुंकायचा तेवढा राहिला.

शिकलेलं विसरू नये म्हणून रोज संध्याकाळी तेओपिस्तो सराव करायचा. कुणावर? बायकोवर. चुलीवर भात, आणि ही बाकावर आडवी.

"हल्लीस तर बघ. तू जखमी आहेस."

"भात करपतोय."

"जखमी माणसाला भात आठवत नाही. ऐक. जखमेवर स्वच्छ कापड, आणि दाबून धरायचं. दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून. कापड भिजलं तर काढायचं नाही, त्याच्यावर दुसरं ठेवायचं. मधेच उचलून बघायचं नाही."

"तुझी आई पण असंच झाकण उचलून बघायची, म्हणून तिचा भात कच्चा."

असं महिनोन् महिने. पुरिंगचे दोन्ही हात, पाय, डोकं, सगळं पाहुण्यांच्या टॉवेलात गुंडाळून झालं. (पेटीतल्या पट्ट्या सरावाला? छे.) आणि गावात गंभीर अपघात काही होईना. तेओपिस्तो सकाळी अंगणात उभा राहून माडावर चढणाऱ्यांकडे अशा नजरेने बघायचा, की लोक घाबरून आणखी सांभाळून चढायला लागले.

किल्ली त्याने लाल दोऱ्यात ओवून संत रोकेच्या मूर्तीच्या गळ्यात घातली होती. मूर्ती कपाटाच्या डोक्यावर उभी. संताच्या गळ्यातलं कोण चोरणार? डोकं चाललं होतं त्याचं, नाही असं नाही.

मग आला फिएस्ता. संत रोकेचा गावजत्रेचा दिवस, घरोघरी पाहुणे, दारोदारी डुक्कर. पुरिंगने घर झाडलं, मूर्ती पुसली, आणि बाईच्या मनात आलं की आज संताला चांगल्या जागी बसवावं. तेओपिस्तोने बश्या मोजायला कपाट उघडलं होतं, आणि किल्ली परत संताच्या गळ्यात घालून ते तसंच उघडं टाकून गेला होता. तिने मूर्ती आत, पेटीशेजारी ठेवली, दार लावलं आणि कुलूप दाबून बंद केलं. टक्. संत आत, संताच्या गळ्यातली किल्ली आत.

मागच्या अंगणात आंब्रोस्यो डुक्कर कापत होता. डुकराचं रक्त आम्ही टाकत नाही, व्हिनेगर घालून त्याचं कालवण करतो, आणि फिएस्ताला ते नसलं तर पाहुणे तोंडावर बोलतात. आंब्रोस्यो रक्ताचं भरलेलं घमेलं उचलून स्वयंपाकघराकडे निघाला, मधे कोंबडी आडवी गेली, आणि हा घमेल्यासकट आपटला. उठला तो नखशिखांत लाल. डोळ्यांत रक्त गेलेलं, म्हणून दोन्ही हात पुढे करून चाचपडत, बोंबलत पळाला.

खिडकीतून तेओपिस्तोने काय पाहिलं? त्याचा पारे, रक्तबंबाळ, आंधळा, अंगणात धावतोय.

घाबरला का? घाबरला. पण त्याच्या आत कुठेतरी पिपाणीही वाजली. "गंभीर!" तो ओरडला. "पारे, आडवा हो! आलो!"

कपाटाशी आला. वर मूर्ती नाही. खाली बघितलं तर काचेआड संत रोके त्याच्याकडे बघतोय, गळ्यात किल्ली.

"पुरिंग! तू देवाला कोंडलंस!"

"कशाला बोंबलतोस? पाहुणे येतायत!"

"पारे मरतोय!"

आणि सिनेमात करतात तशी त्याने काचेवर मूठ मारली. सिनेमातली काच वेगळी असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. काच फुटली, हात आत गेला, आणि घाईघाईत मागे ओढला तो मनगटापासून वर फाटत आला. आधी नुसतं पांढरं दिसलं. मग रक्त आलं, आणि ते येत नव्हतं, उडत होतं. पाहुण्यांच्या बश्यांवर, पेल्यांवर, संताच्या पायांवर.

तेओपिस्तोने बघितलं. "गंभीर आहे," तो अगदी शांतपणे म्हणाला, आणि खाली बसला.

पुरिंग दारात आली. तिने बोंब मारली नाही. तिने त्याला ढकलून आडवा केला, कमरेचा धुतलेला टॉवेल ओढला, जखमेत काच नाही हे एका नजरेत बघितलं, टॉवेल वर ठेवला आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकला. (पुरिंगचा भार आमच्या गावात ठाऊक आहे. जीपचा चालक तिला मधोमध बसवतो.)

"उचलून बघ जरा थांबलंय का," तेओपिस्तो पुटपुटला.

"मधेच उचलायचं नाही. तूच सांगितलंस. हल्लास तर बघ, तू जखमी आहेस."

"भात..."

"जखमी माणसाला भात आठवत नाही!" तिने आणखी भार टाकला. "तेओ, डोळे मिटू नकोस. मेलास तर खरंच सांगते, मी तुला सोडणार नाही."

टॉवेल भिजला. एवढ्यात रक्ताने माखलेला आंब्रोस्यो डोळे पुसत दारात आला. "काय झालं, पारे?"

तेओपिस्तोने त्याच्याकडे नीट बघितलं. "तू... मेला नाहीस?"

"डुकराचं आहे, गाढवा! ते मेलं!"

"तिथे उभा राहून काय बोलतोस? हात धू!" पुरिंग गरजली. "पेटी काढ! काचा सांभाळून!"

आंब्रोस्योने हात धुतले, पेटी काढली आणि प्लास्टिक फाडायला घेतलं. तेओपिस्तोने चांगला हात उचलला. "कडेने सोड, पारे... फाडू नको..." पुरिंगने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने हात खाली घेतला. पेटीतली कापसाची जाड गादी टॉवेलावरच ठेवली, रुंद पट्टी कचकचून गुंडाळली, हात वर धरला, वरून पुन्हा दाब. आणि ती गादी लाल झाली नाही. पुरिंग तिच्याकडे बघत राहिली. नाहीच झाली.

जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, तर दारातच दोघे जण धावत आले आणि त्यांनी आंब्रोस्योला उचललं. तो सांगतोय, मी नाही, मी नाही. ते म्हणतायत, शांत पडा, धक्का बसलाय तुम्हाला. त्याचा फिएस्ताचा नवा शर्ट कापला, अंगभर शोधलं. "लागलंय कुठे?" शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "डुकराला!" आंब्रोस्यो रडकुंडीला येऊन म्हणाला.

तेओपिस्तोला टाके पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटं हलतायत, हात राहणार, माणूसही राहणार. पट्टी कुणी बांधली? तेओपिस्तो म्हणाला, "प्रशिक्षण माझं आहे." पुरिंग बाहेर जाऊन बाकावर बसली आणि नखांत सुकलेलं रक्त काढत राहिली. आंब्रोस्यो उघड्या अंगाने तिच्या शेजारी बसून राहिला.

आता गावाला नवी पेटी आलीय. ती पुरिंगच्या दाराबाहेर खिळ्यावर लटकते, कुलूप नाही, प्लास्टिक नाही. आलिंग सेपा नुसत्या खाजेलाही पट्टी घेऊन जाते. पाहुण्यांच्या बश्यांत आम्ही जेवतो, कारण कपाटाला काचच नाही. आणि नर्सबाई पुन्हा आल्या तेव्हा निम्मं गाव जमलं, बाप्येसुद्धा, जेवण नसताना.

शिकवायला त्यांनी पुरिंगलाच उभं केलं. बाकावर आडवा तेओपिस्तो. एकेक जण येऊन त्याला गुंडाळत होता. आलिंग सेपाने जुना गुडघा आठवून जरा जास्तच आवळलं, आणि पट्टीची पिन त्याच्या अंगठ्यात घुसवली.

"आई गं! पुरिंग, रक्त! एक पट्टी दे ना."

पुरिंगने त्याचा अंगठा उजेडात धरला, उलटापालटा केला. सगळं गाव श्वास रोखून बसलं होतं.

"गंभीर नाही," ती म्हणाली. "आणखी थोडं लागलं की सांग."