टेकडीवरचा बाण

पाहुण्याबाई यायला अजून अवकाश होता आणि गावचं संग्रहालय सांभाळणाऱ्या ग्रासियानोने तिथली होडी तिसऱ्यांदा पुसली. पोर्तुगालच्या पिको बेटावरच्या त्या गावात देवमाशांच्या शिकारीची एवढी एकच धड होडी उरली होती. लिस्बनहून येणाऱ्या बाईंना संग्रहालय पसंत पडलं तर होडी इथेच राहणार, नाहीतर राजधानीत जाणार. मग मागे काय उरलं असतं? भिंतीवरचे चार भाले आणि ग्रासियानो.

शोभा म्हणून त्याने गावातल्या जुन्या शिकाऱ्यांना कोट चढवून पहिल्या रांगेत बसवलं होतं. बेलार्मीनोआजोबांची रवानगी टेकडीवरच्या खोपटात झाली होती. पूर्वी देवमासा दिसला की ते तिथूनच दारूचा बाण आकाशात उडवायचे आणि गडी हातातलं काम टाकून धावत सुटायचे. आज त्यांनी फक्त बाईंची मोटार वळणावर दिसली की बाण उडवायचा होता.

बाण उडाला.

"आल्या वाटतं," म्हणत ग्रासियानो टाय सावरून दाराकडे वळला. मागे खुर्च्या धडाधड पडल्या. शिकार बंद होऊन जमाना लोटला होता, पण म्हाताऱ्यांच्या पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. बघता बघता होडी उतारावरून पाण्यात.

"झेफेरीनोमामा, अहो ती बघायची होडी आहे!"

"मग बघ की. कोण नको म्हणतंय?" मामांनी वल्हं मारलं.

मामी मागून धावल्या. "अहो, पाव तरी न्या!" आणि गाठोडं नेमकं होडीत पडलं. भाले मात्र भिंतीवरच राहिले. त्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

बऱ्याच वेळाने बाई आल्या. दालनात होडी टेकवायचे दोन लाकडी ठोकळे होते आणि 'हात लावू नये' अशी पाटी.

"होडी कुठंय?"

"कामाला गेलीय," ग्रासियानोच्या तोंडून निघून गेलं. आपली नोकरी गेलीच, हे त्याने तेवढ्यात गृहीत धरलं.

बाई खिडकीतून समुद्राकडे बघत राहिल्या. "मग आम्हाला नेता येणार नाही. वापरातली वस्तू आम्ही घेत नाही."

ग्रासियानोला त्यांचे हात धरून नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी म्हातारे धापा टाकत परतले. "कुठल्या गाढवाने बाण उडवला रे? समुद्रात शेपूटसुद्धा नाही."

"मामा, तो मोटारीसाठी होता."

"कसली मोटार?" टेकडी उतरून आलेले बेलार्मीनोआजोबा भडकले. "रस्ता खोपटाच्या मागं आहे. समुद्राकडं पाठ करून मी जन्मात बसलो नाही. मासा होता, चांगला मोठा. तुम्हीच मेले उलट्या दिशेला गेलात."