ताईंचा रंग नक्की कोणता

पेडणेकर काका लिफ्टमध्ये भेटले की आधी माझ्या ओढणीकडे बघतात आणि मग माझ्याकडे. "अर्धा शेड चुकला गो," एवढंच म्हणतात आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून जातात. पुढे पाचव्या मजल्यापर्यंत मी लिफ्टच्या आरशात स्वतःला बघत उभी. मला कोणी निरखून बघितलेलं मुळात आवडत नाही. म्हणून एकदा मी सगळे काळेच कपडे घालून खाली उतरले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुर्ता कोळसा आणि ओढणी काजळ. काळ्यात तर जास्त बघावं लागतं."

काकांनी घाटकोपरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये अडतीस वर्षं काढली. बायका साडी घेऊन यायच्या आणि काका तिला जुळणारा ब्लाउजपीस नि फॉल काढून द्यायचे. त्यांचा नियम एकच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कधीही हो म्हणायचं नाही. साडी आणि कापड दोन्ही घेऊन गिऱ्हाइकाला बाहेर फुटपाथवर न्यायचं, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "ताई, उजेडात बघा." रिटायर झाले तरी हे वाक्य सुटलेलं नाही. भाजीवालीकडची वांगी ते उन्हात नेऊन बघतात. मतदान करून आले की बोटावरची शाई खिडकीशी नेतात. "यंदा जांभळी जास्त आहे," म्हणतात.

मी इंग्रजी शाळेत शिकले. माझ्याकडे पिवळा हा एकच शब्द होता. काकांकडे केतकी होता, बदामी होता, हळदी, लिंबू आणि सोनचाफा होता, आणि यातल्या कुठल्याही दोघांना मी एक म्हटलं की त्यांना मनापासून दुःख व्हायचं.

मंदाकाकू जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मुलुंडच्या त्या वन रूम किचनमध्ये काका एकटे राहतात. म्हणजे राहत होते. गेल्या वर्षी शेजारच्या फ्लॅटमधली भाडेकरू मुलगी नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि जाताना एक काचेची पेटी काकांकडे "आठ दिवसांसाठी" ठेवून गेली. महिन्याने तिचा फोन आला की काका, तिकडे घरमालक परवानगी देत नाही, तुम्हीच ठेवा ना प्लीज.

पेटीत लेपर्ड गेको होती. वीतभर लांब, जाड शेपटीची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली पाल. ती भिंतीवर चढत नाही, माणसासारखी पापण्या मिटते आणि खाताना आधी मान तिरकी करून विचार करते.

"आपण घरातल्या पाली झाडूने हाकलतो," आई म्हणाली, "आणि या माणसाने एक पलंग-गादीसकट आणून बसवली!"

काकांनी तिचं नाव ठेवलं नाही. अडतीस वर्षं समोर येणाऱ्या प्रत्येक बाईला ते जे म्हणत आले, तेच हिलाही म्हणाले. "ताई जेवल्या. चार किडे खाल्ले. पाचवा नको म्हणाल्या."

एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. "अनुजा, तुझं इंग्लिश चांगलं आहे. मोबाईलमध्ये बघ, ताई कुठल्या शेडमध्ये येतात."

या पालींच्या रंगांवरून पाडलेल्या जाती असतात, त्यांना मॉर्फ म्हणतात. यादी मोठी होती. मी वाचू लागले.

"टँजरीन."

"म्हणजे?"

"संत्र्यासारखा."

"कुठलं संत्रं? नागपूरचं की कोल्ड स्टोरेजचं?"

"काका, तेवढं लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलंय? पुढे."

"मॅक स्नो. बर्फासारखा."

"कोणी बघितलाय बर्फ? मी फक्त माशांवरचा बघितलाय. पुढे."

"लेमन फ्रॉस्ट."

"लिंबू!" काका पुढे सरकले. "हा बघ, हा जमतोय. वाच, काय म्हणतायत."

मी वाचलं. माझी खोड अशी की नजर जिथे जाते ते तोंडातून बाहेर पडतं आणि अर्थ मागाहून पोचतो. एरवी मी बोलतच नाही, त्यामुळे कोणाला हे माहीत नाही. मी वाचलं, "ही जात दिसायला फार सुंदर, पण यातल्या पुष्कळ पालींना पुढे अंगात गाठी होतात."

काका उठले, खिडकीचा पडदा सारखा केला आणि पेटीच्या काचेवरून रुमाल फिरवला.

"गाठी म्हणजे कसल्या?"

"काका, ते इंटरनेट आहे. काहीही लिहितात."

"कसल्या, वाच ना."

मी ट्यूमर हा शब्द वाचला नाही. पण मी न वाचलेलं त्यांनी ऐकलं, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी गेले तर पेटीच्या काचेला एक पुठ्ठा चिकटवलेला. त्यावर पाच चिंध्या ओळीने टाचलेल्या होत्या, केतकी, बदामी, हळदी, सोनचाफा आणि लिंबू. सकाळी साडेआठला खिडकीत जो उजेड येतो तो खरा, म्हणून बघायचं तेव्हाच. काका डोळे बारीक करून वाकले, मीही वाकले. ताई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

"तू सांग. मी नाही सांगणार."

"हळदी?" मी भीत भीत म्हटलं.

"नक्की? लिंबू नाही?"

"नाही वाटत."

काकांनी खांदे सैल सोडले. मी म्हटलं, हवं तर मी रोज सकाळी येऊन जाईन, मी घरूनच काम करते.

"रोज नको," ते पटकन म्हणाले. "तू रविवारीच ये."

मला थोडं लागलं. लोकांना मी फार झाले की काय, ही शंका मला तशीही कायम असते.

तिसऱ्या रविवारी ताई पांढुरक्या पडल्या होत्या. अंगावर पीठ भुरभुरल्यासारख्या. काका दारातच उभे. "रंग उतरला गो. वाट लागली. पहिल्या धुण्यात कापड जातं ना, तसं झालं."

मी तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर शोधलं. कात टाकण्याआधी असं होतं, ओलसर जागा द्या, हात लावू नका. काकांनी एका डब्यात ओला नॅपकिन ठेवला आणि आम्ही स्टुलावर बसून वाट बघितली. बाळंतपणाला बसतात तसे. दोन तासांनी ताईंनी तोंडावरून कात मोज्यासारखी ओढून काढली आणि शांतपणे खाऊन टाकली.

"अगं अगं! स्वतःचाच ब्लाउज खाल्लान्!"

मी हसले. काका हसले नाहीत. कारण आतून जो रंग निघाला होता तो लखलखीत होता, आणि पुठ्ठ्यावरच्या शेवटच्या चिंधीकडे बघायचं आम्ही दोघंही टाळत होतो.

मी परदेशी हौशी लोकांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. सात जणांनी नऊ उत्तरं दिली. एकाने लिहिलं की घरातल्या दिव्याखाली काढलेल्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही, दिवसाच्या उजेडात काढा. मी ते काकांना वाचून दाखवलं. "हा माणूस धंद्यातला आहे," काका म्हणाले. पण धंद्यातल्या माणसालाही उत्तर माहीत नव्हतं.

मग काकांनी जे केलं ते दुसरं कोणी केलं नसतं. हवेसाठी भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ताईंना घालून ते त्यांच्या जुन्या दुकानात गेले. सोबत मी, कारण "इंग्लिश लागलं तर".

दुकानाचे मालक जयंतीभाई गल्ल्यावरून अर्धे उठले. "अरे पेडणेकर! ये क्या लाया? चावणार तर नाही ना?"

"शेठ, शेड बघायचाय."

एवढं पुरलं. जयंतीभाईंचा चेहरा एकदम कामाचा झाला. "काढा रे पिवळे." काउंटरवर तागे पडू लागले. डबा मधोमध. दोन सेल्समन, जयंतीभाई आणि काका, चौघांनी मिळून डबा फुटपाथवर नेला, आत आणला, परत नेला. फॉल घ्यायला आलेली एक बाई आधी किंचाळली, मग चार पावलं मागे उभी राहून म्हणाली, "दादा, माझ्या पैठणीच्या काठाला हाच जातो. मला ह्यांच्या डब्यातलाच दाखवा."

पंधराव्या ताग्याला जयंतीभाईंनी चुटकी वाजवली. "हे घे. अंगावर टाक. झालं मॅचिंग. सूत फरक नाही."

खरंच फरक नव्हता. मला सुद्धा दिसलं. काकांनी ताग्याच्या टोकाची चिठ्ठी उलटवली. तिच्यावर लिहिलं होतं, लेमन.

"बघितलंत? अजून नजर शाबूत आहे आपली!" जयंतीभाई म्हणाले. काकांनी त्यांना हात जोडले, डब्याचं झाकण तपासलं आणि दुकानातून बाहेर पडले. त्या बाईने त्याच ताग्यातलं कापड घेतलं.

सोमवारी मी अंधेरीच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. पाली, कासवं असे प्राणी त्या बघतात. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायच्या आधी मी वाक्यं कागदावर लिहून घेते. त्या दिवशी घेतली नाहीत.

मुलुंडहून रिक्षा केली. काकांच्या मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. लिंक रोडला ट्रॅफिक तुंबला होता. गप्प बसणं असह्य झालं म्हणून मी म्हटलं, "काका, नुसतं पिवळं असण्यावरून काही ठरत नसेल. आणि मी येतेच आहे ना बघायला. रोज आले असते तर लवकर कळलं असतं."

"रोज बघून कळत नाही," काका म्हणाले.

पुढे बराच वेळ एक टँकर आमच्या बाजूला घुरघुरत उभा होता. तो गेल्यावर ते बोलू लागले, डब्याकडे बघत.

"मंदा रोज समोर बसून जेवायची. लोकांच्या साडीतला अर्धा शेड मला फुटपाथवरून दिसायचा. घरी मात्र नजर बसते गो. रोज बघितलं की नजर बसते. एक दिवस तिची बहीण आली कुडाळहून. पिशवी खाली ठेवायच्या आधी दारातच म्हणाली, 'काय गो मंदा, कितकी पिवळी झालंस!' तेव्हा मी मंदाला उजेडात नेली. हळदी. नखांपर्यंत हळदी. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवं होतं."

अशा वेळी काय बोलतात ते मला कुठल्याच भाषेत येत नाही.

"म्हणून तुला आठवड्याने बोलवत होतो," काका म्हणाले. "तुझी नजर बसू नये म्हणून."

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी ताईंना तळहातावर घेतलं, पोटावरून बोट फिरवलं, बारीक टॉर्चने डोळे बघितले. काकांनी चिंध्यांचा पुठ्ठा पुढे केला. डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेला नाही. नीट बघितला.

"काका, लेमन फ्रॉस्ट हे नुसत्या रंगाचं नाव नाही. ते रक्तातून येतं. लिंबाच्या रंगाच्या कितीतरी असतात. त्यात डोळ्यांच्या कडा पांढरट, जाड दिसतात, हिच्या नाहीत. पोटाखाली पांढरे दाट चट्टे येतात, ते नाहीत. गाठ कुठेच लागत नाही. आईबाप माहीत नाहीत, म्हणून लिहून देणार नाही. पण मला विचाराल तर ही साधी हाय यलो आहे. सगळ्यात कॉमन."

"इथे ट्यूबलाइट आहे," काका म्हणाले.

डॉक्टरांनी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. मग ताईंना ओंजळीत घेऊन त्या खिडकीशी गेल्या आणि तिथे सगळं पहिल्यापासून परत तपासलं. डोळे, पोट, शेपटी. "साधीच आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांनी दाखवायला आणा."

परतताना रिक्षात काका पवईपर्यंत बाहेरच बघत बसले. मला वाटलं, निराश झाले. एवढ्या शेडांतून शेवटी सगळ्यात कॉमन निघाली. मग त्यांनी डब्याचं झाकण बोटभर उघडलं आणि आत बघत विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर?"

"साधी आहे म्हणाल्या."

"परत सांग."

"साधी आहे, काका. सगळ्यात कॉमन."

"गाठ?"

"नाही."

काकांनी झाकण लावलं. तलावाच्या बाजूने वारा येत होता, रिक्षा खडखडत होती आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. गांधीनगरच्या सिग्नलला त्यांनी पुन्हा विचारलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याच्यासमोरच, शेजारच्या बसमधल्या माणसांनीही वळून बघावं एवढ्या मोठ्याने सांगितलं, "नाही, काका. गाठ नाही. कुठेच नाही."