कन्याकुमारी, मुक्काम नवीन पनवेल

नवीन पनवेलचे रहिवासी आणि सरकारचे इमानी नोकर कमलाकर सबनीस हे १९९१च्या मे महिन्यात पत्नी सुनीता आणि मुलगी रेवा यांच्यासह कन्याकुमारीला गेले. त्या काळात ते घराबाहेर अजिबात पडले नाहीत.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, असं ज्यांना वाटतं त्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही. सरकार नोकराला सहलीसाठी पैसे देतं. त्याला एलटीसी म्हणतात. त्यावर आयकरही नाही. अट एकच, प्रवास झाला पाहिजे. पण प्रवास केला की पैसे खर्च होतात, मग सवलतीचा उपयोग काय? म्हणून कमलाकररावांनी आगाऊ रक्कम उचलली, तिचा कलर टीव्ही आणला आणि सहल जवळच काढायचं ठरवलं. आधी जवळच्याच मोरा गावी सुनीताच्या मावशीकडे जायचं होतं. पण साहेबांची सासुरवाडी तिथलीच निघाली. मग मोऱ्याहून जवळ म्हणजे आपलाच हॉल. कोणाला दिसलो तर नोकरी गेली, एवढं एकच पथ्य.

शेजारच्या सुमतीवहिनींनी बाहेरून कुलूप घातलं आणि सहल सुरू झाली. खिडक्या बंद, टीव्हीचा आवाज बंद. कुकर शिट्टी मारतो म्हणून रोज पोहे.

"बाबा, समुद्र कधी बघायचा?" रेवानं कुजबुजत विचारलं.

"बादलीत मीठ टाक आणि पाय बुडव," कमलाकरराव म्हणाले. "पण चुळुक आवाज नको."

गुरुवारी दुपारी कुलूप तुटल्याचा आवाज आला. दार उघडून एक सभ्य दिसणारा चोर आत आला आणि तिघांना बघून जोरात दचकला.

"बाहेर कुलूप लावून आत बसता? ही शुद्ध फसवणूक आहे!"

"हळू बोला हो," कमलाकरराव कळवळले. "आम्ही कन्याकुमारीला आहोत."

चोर हुशार होता. खुर्ची ओढून बसला. "एलटीसी? मग मी टीव्ही नेला तर तुम्ही ओरडणार नाही."

"ओरडायला आम्ही इथं असायला हवं ना," सुनीता दात ओठ खात पुटपुटली. "अँटेनाची वायर तेवढी हळू काढा. सुमतीवहिनींचं कनेक्शन त्यातनंच आहे."

"प्रवासाचं खोटं बिल कुठनं केलंत?" चोरानं विचारलं.

इथं कमलाकररावांचा ऊर भरून आला. "स्टँडसमोरचा ट्रॅव्हल्सवाला तुळशीराम. टक्केवारी घेतो, पण काम चोख. बिलावर प्रवासातला चहा सांडल्याचा डागसुद्धा पाडून देतो." मग हात जोडून म्हणाले, "जाताना कुलूप होतं तसं लटकवा, प्लीज."

मंगळवारी पहाटे तिघं बॅगा घेऊन गुपचूप बाहेर पडले आणि उजाडल्यावर रिक्षातून थाटात परत आले. तुटलेलं कुलूप बघून सुनीतानं गुरुवारपासून साठवलेली किंकाळी एकदाची फोडली.

चौकीत गेले तर टीव्ही टेबलावर आणि चोर बाकावर.

"ह्यो दिनानाथ," हवालदार काळूराम म्हणाला. "टीव्ही इकताना गावला. पन म्हनतो, गुरवारी मी हितं नव्हतोच."

दिनानाथनं खिशातून बिल काढलं. चहाचा डाग अजून ओलसर होता. "मी कन्याकुमारीच्या बसमध्ये होतो. टीव्ही तिथलाच. हे साहेब शेजारच्या सीटवर होते, विचारा. वहिनींनी मला लोणचं दिलं. काय वहिनी, कैरीचं होतं ना?"

"मेल्याला विष द्यायला हवं होतं," सुनीता पुटपुटली.

काळूरामनं कमलाकररावांकडे पाहिलं. "साहेब, ह्ये बिल खोटं आसंल तर सांगा. लगेच त्या तुळशीरामचं दुकान उघडतो आनि त्यानं दिलेली समदी बिलं तपासतो."

कमलाकररावांनी टीव्हीकडे पाहिलं. मग नोकरीकडे पाहिलं.

"होते," ते म्हणाले. "यांनीच तर मला विवेकानंदांचा खडक दाखवला."

"अहो!" सुनीता ओरडली.

काळूरामनं दोघांकडे रोखून पाहिलं. "खोटं नका बोलू साहेब. त्या गाडीला मी सोता व्हतो. फॅमिलीसकट. तुमी दोघंबी मला दिसला नाय."

"म्हणजे तुमचं बिलही तुळशीरामचंच ना?" दिनानाथनं हळूच विचारलं.

"म्हंजे आसं हाय," काळूराम खाकरला, "मला गाडी लागते. त्यामुळं जाऊन येईस्तवर मी डोळे मिटूनच व्हतो. दिनानाथ, उचल तुजा टीव्ही."

रडत बाहेर पडणाऱ्या सुनीताला दिनानाथनं नम्रपणे दार उघडून दिलं. शेवटी सहप्रवासी होता.

तुम्ही हसताय, ठीक आहे. पण तीन कुटुंबांसाठी कोणी आख्खी बस सोडतं का? तुळशीरामची ती गाडी खचाखच भरून गेली होती. बाकीच्या सीटवर कोण कोण होतं, ते आम्ही विचारत नाही. तुम्हालाही गाडी लागत असेल.