धरसोड

नेटवर्क विभागातल्या नव्या प्रोग्रामरला संध्याकाळपर्यंत मशीनच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, जुन्या मॅक्रो-आज्ञांची साफसफाई करून द्यायची होती. जमली तर नोकरी कायम, नाहीतर सहा महिन्यांची उमेदवारी संपली आणि नमस्कार. काम सोपं दिसत होतं. एखादं कनेक्शन वापरायला घेतलं की ‘धर’ म्हणायचं, वापरणाऱ्यांचा आकडा एकाने चढतो. काम झालं की ‘सोड’, आकडा उतरतो. शून्य झाला की कर्नल ते कनेक्शन मोडीत काढतो. एवढ्याशा कामाला अकरा मॅक्रो होते. त्याने त्यांचे दोन केले. एका ठिकाणी लागोपाठ दोनदा ‘धर’ दिसलं, त्यातलं एक उडवलं. कुठल्या वेंधळ्याने लिहिलंय कोण जाणे, असं शेजारच्या टेबलावर ऐकवूनही आला.

अर्ध्या तासात चाचणीचं मशीन कोसळलं. वापरात असलेलं कनेक्शनच कर्नलने मोडीत काढलं होतं. घाबरून त्याने दुसरीकडचे दोन ‘सोड’ काढले आणि आगीतून फुफाट्यात पडला. आता एकही कनेक्शन मरेना. मेमरी तुडुंब भरून मशीन ठप्प झालं. विभागप्रमुख बाईंचा नियम होता की आपला कोड आधी आपल्याच ऑफिसच्या इलेक्ट्रॉनिक दारांवर चालवायचा. त्यामुळे दारंही ठप्प झाली आणि बाई काचेच्या मीटिंग रूममध्ये अडकल्या.

त्यांनी खुणेने कोडमधले बदल छापून तो कागद काचेला लावायला सांगितला. वाचता वाचता त्यांना हसू फुटलं.

“ते दोनदा ‘धर’ माझंच,” त्या आतून म्हणाल्या. “पलीकडे कोडचा एक तुकडा न धरताच सोडतो, तोही माझाच. एकोणीस वर्षं त्या जोडीचा सुखाने संसार चाललाय. तू आज काडीमोड केलास.”

तो थक्क झाला. दोन चुका एकमेकींना सावरून धरत होत्या आणि एकोणीस वर्षं एकही कनेक्शन पडलं नव्हतं. बिनचूक कोडमध्येही इतकं सुंदर काही त्याने पाहिलं नव्हतं. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

“दोन्ही दुरुस्त करू का?” त्याने हळूच विचारलं.

“त्यांच्या जिवावर आणखी काय काय उभं आहे, ते मलाही माहीत नाही.”

त्याने सगळं होतं तसं केलं, मशीन पुन्हा चालू केलं आणि दार उघडलं. बाई बाहेर आल्या त्या थेट त्याच्या कायम नेमणुकीच्या पत्रावर सही करायला.

“हे कळणारी मी एकटीच होते, म्हणून निवृत्ती लांबवत होते,” त्या म्हणाल्या. “आता तुला कळलंय. सोमवारपासून मी येणार नाही.”

“कायम झालास?” बायकोने फोनवर विचारलं.

“झालो,” तो म्हणाला. “आणखी कुणी येऊन हीच चूक करेपर्यंत.”