सासूबाईंच्या जेवणाची मिरची

माझ्या सासूबाई क्लेओफास यांच्या दफनाच्या दिवशी पाहुण्यांसाठी मांसाचा लाल रस्सा आपणच करायचा, असं मी ठरवलं. ओफेलिया रडून रडून गळून गेली होती. म्हटलं, बायकोचं एवढं तरी ओझं उचलावं. (एरवी मी चुलीपाशी गेलो की ती आधी पाण्याची बादली शोधते. त्या दिवशी तिला भान नव्हतं.)

कोठीत बाजारच्या मिरचीचं पोतं होतं. पण सासूबाईंच्या जेवणाला बाजारची मिरची? मिरचीसाठी नावाजलेल्या आमच्या चिमायो गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती! आत संताच्या मूर्तीशेजारी त्यांच्या हातची एक माळ टांगलेली होती. मिरच्या वाकड्यातिकड्या, बोटाएवढ्या, पण रंग असा की बघत राहावं. अंथरूण धरण्याआधीचं त्यांचं शेवटचं पीक. मी माळ उतरवली, अंगणातल्या मातीच्या भट्टीत खरपूस भाजली, देठ मोडले, बिया झटकून डब्यात ठेवल्या आणि रस्सा केला.

दफन करून लोक परतले. "अगदी क्लेओफासच्या हातची चव!" म्हणत गाव जेवलं, रडलं, पुन्हा वाढून घेतलं. मलाही भरून आलं. (थोडं मिरचीनंही.)

तेवढ्यात ओफेलियाचं लक्ष रिकाम्या खिळ्याकडे गेलं.

"मेलितोन, माळ कुठाय?"

"तुझ्या ताटात."

"अरे देवा! ती बियाण्याची माळ होती! आईनं निवडून ठेवलेली. घरात दुसरं एक बी नाही!"

"एवढंच ना? मला काय अक्कल नाही? बिया जपून ठेवल्यात."

मी ऐटीत डबा पुढं केला. तिनं उघडून वास घेतला.

"भाजल्यावर काढल्यास?"

"मग? हाताला चटके बसले, पण एक सांडू दिली नाही."

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"सकाळी आईला पुरलं," ती म्हणाली, "आणि दुपारी तिची मिरची."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्या पणजीपासून दर वसंतात पाटाकाठच्या त्याच वाफ्यात पेरलेलं बी मी गावाला ओरपायला वाढलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोपऱ्यात जेवत बसलेल्या शेजारच्या सिरिलाबाई उठल्या. पाटाच्या पाण्यावरून सासूबाईंशी त्यांचं बोलणं तुटलं होतं, ते कायमचंच, असं गाव समजत होतं. त्या आल्या याचंच सगळ्यांना नवल वाटलं होतं. त्यांनी शालीतून एक पुरचुंडी काढून ओफेलियाच्या हातात ठेवली.

"घे पोरी. बी आहे. भाजलेलं नाही. थंडी पडायच्या आधी तुझी आई काठी टेकत माझ्या दारी आली होती. म्हणाली, भांडण राहू दे, एवढं सांभाळ, आणि मला पुरलं की ओफेलियाच्याच हातात दे."

"पण तुमच्याकडे कशाला? आमचं घर काय ओस पडलं होतं?" मी विचारलं. (विचारायला नको होतं.)

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, मी गेले की जावई काहीतरी मदत करायला जाईल."

ओफेलिया डोळे पुसता पुसता हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. आणि मी? लग्न झाल्यापासून मला वाटत आलं होतं, सासूबाईंचा माझ्यावर काडीचाही भरवसा नाही. होता हो, चांगला पक्का होता.