एकच आकडा ठळक

आजाराचं निदान डॉक्टर करतात; ते मान्य करायचं की नाही, हे घरची मंडळी ठरवतात. आमच्याकडे हा अधिकार थोरल्या मेहुण्यांचा. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध आहे: रिपोर्टात जे ठळक छापलंय तेवढंच खरं, बाकी नुसती शाई. (चष्माही लागत नाही.)

दादा शिंपी. परवा सकाळी त्यानं कात्री खाली ठेवली आणि छाती धरून बसला, तशी वहिनीनं त्याला सरळ हॉस्पिटलात आणलं. रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल १६८. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते, तेही मर्यादेत. ठळक काहीच नाही.

"ते उशिरा वाढतं. तीन तासांनी पुन्हा रक्त घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वाढायची वाट बघायची, म्हणजे मुद्दाम आजारी पडण्यासारखंच झालं की!" मेहुणे म्हणाले. इतकी वर्षं शिकूनही बाईंना हे सुचलं नव्हतं.

लगेच कॉटभोवती मतदान झालं. गॅस: सहा (त्यात एक मी). हार्ट अटॅक: एक (वहिनी, मत भावनिक म्हणून बाद). डावा हात चोळत दादानंही गॅसलाच मत दिलं; त्याला दोन कोट शिवून द्यायचे होते. मेहुणे त्याच्या चपला शोधू लागले.

"चपला माझ्या पिशवीत आहेत," वहिनी म्हणाली, "आणि पिशवीवर मी बसलेय. हिंमत असेल त्यानं उठवावं."

कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या रिपोर्टात ट्रोपोनिन चाळीस पट, चांगलं ठळक. मेहुण्यांनी कागद लांब धरून पाहिला. "पंधरापैकी चौदा नॉर्मल. त्र्याण्णव टक्के!" दादाला शाळेत एवढे कधी पडले नव्हते. आमचं अभिनंदन आटपेपर्यंत त्याला आत नेऊन तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केलीसुद्धा.

"घरी नेला असता तर हाती लागला नसता," बाई म्हणाल्या. तेव्हा वहिनी पहिल्यांदा रडली, आणि मला माझी लाज वाटली. मेहुण्यांनी तिची समजूत घातली: काही झालं तरी कोलेस्टेरॉल उत्तमच होतं.

हसलात? हसा. मागच्या आठवड्यात जिना चढताना मध्येच थांबून तुम्ही खिशातून मोबाइल काढलात आणि बराच वेळ त्यात बघत राहिलात. फोन कुणाचाच आला नव्हता.