खोक्याची बस, शेवरेवाडी ते तालुका

मालनताईंच्या अंगणवाडीतल्या मुलांनी चपलेच्या खोक्याची बस केली आणि दुसऱ्याच दिवशी तिला प्रवासी येऊ लागले.

बस साधीच होती. चाकं बाटल्यांच्या झाकणांची, ती खराट्याच्या काड्यांवर बसवलेली. पुढच्या दिव्यांसाठी गोळ्यांचं रिकामं पाकीट कापून चिकटवलं होतं. खिडक्या तेवढ्या मालनताईंनी कात्रीने कापून दिल्या, बाकी सगळं मुलांचं. पुढे सुतळी होती आणि ती ओढायचं काम दूर्वाकडे होतं, कारण खोकं तिने घरून आणलं होतं.

दूर्वा सव्वापाच वर्षांची. तिची आई सारिका तालुक्याला काजूच्या कारखान्यात कामाला होती. दोन वर्षांपूर्वी शेवरेवाडीची एसटी बंद झाली, तेव्हापासून सारिका तिथेच एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायची आणि फक्त रविवारी, फाट्यापासून सहा किलोमीटर चालत, घरी यायची. एवढं चालायचं म्हणून तिने नव्या चपला घेतल्या होत्या. खोकं त्यांचंच. इतर दिवशी दूर्वा मामा-मामीकडे असे.

पहिले प्रवासी आप्पा सुतार. ते सकाळी दहाला पिशवी घेऊन अंगणवाडीच्या अंगणात आले.

"ही तालुक्याला जाती का?" त्यांनी विचारलं. "डोळं दाखवायचं हायत."

मालनताईंनी दूर्वाकडे बघितलं.

"जाते," दूर्वा म्हणाली. "पण बोरिंगपासून सुटते. इथून नाही."

आप्पा बोरिंगपाशी गेले, पिशवी आधी आत सरकवली, मग स्वतः बसले. दूर्वाने सुतळी ओढत बस अंगणापलीकडच्या जांभळीपर्यंत नेली. आप्पा तालुक्याला उतरले. दीड वाजता ते परतीच्या फेरीने आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं. बस छान आहे, फक्त पोरीने पळू नये, पोटात ढवळतं, असं त्यांनी मालनताईंना सांगितलं.

आठवडाभरात वेळापत्रक ठरलं. सकाळी नऊला पहिली फेरी, दोनला अंगणवाडी सुटायच्या आधी शेवटची. चार जण बसून, एक जण उभा. तिकिटं मुलं जुन्या कॅलेंडरची पानं फाडून देत. एक बाळंतीण दवाखान्यात जाऊन आली, कॉलेजच्या दोघी मुलींचं पुन्हा कॉलेज सुरू झालं. मुलांनी मागच्या बाजूला टपावर चढायची शिडीसुद्धा लावली, आइस्क्रीमच्या काड्यांची.

एवढं होऊनही सारिका मात्र रविवारीच येत होती. तिची पाळी सहाला सुटायची आणि बस दोनला बंद व्हायची. दूर्वाला स्वतःला तिच्याकडे जाता येत नव्हतं, कारण मग बस कोण ओढणार? एकदा तिने सुतळी मैत्रिणीच्या हातात दिली आणि स्वतः आत बसली. बस जांभळीपर्यंत गेली. दूर्वा उतरली तर ती जांभळीखालीच होती. बाकीचे चार प्रवासीही पिशव्या घेऊन तिथेच उभे होते.

"चालकाने जागा सोडायची नसते," कॉलेजची एक मुलगी तिला समजावत म्हणाली. त्या दिवशी दूर्वाने खिचडी खाल्ली नाही.

तीन आठवड्यांनी आगारातून वाहतूक निरीक्षक हेरवाडकर तपासणीला आले. ते फाट्यापासून मोटारसायकलवर आले होते, त्यामुळे धुळीने भरले होते. मालनताईंनी त्यांना पाणी दिलं. त्यांनी बस उचलून खालून पाहिली, चाकं फिरवली, मग मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसून वही उघडली.

"चालकाचं वय?"

"पाच वर्षं तीन महिने," मालनताई म्हणाल्या.

"अनुभव?"

"तीन आठवडे."

"अपघात?"

"एकदा कोंबडी आडवी आली होती. पण मी थांबले," दूर्वा म्हणाली.

हेरवाडकरांनी ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "मालनताई, अडचण अशी आहे. हे खेळणं असेल तर यातून प्रवासी नेता येत नाहीत. आणि बस असेल तर तिच्याशी पोरांना खेळता येणार नाही. आमच्या चालकाच्या ताब्यात द्यावी लागेल. दोन्हीपैकी एकच नोंद होते."

"तुमच्या चालकाला ओढता येईल का?"

"वीस वर्षांचा अनुभव आहे."

चालक दुसऱ्या दिवशी आला. सहा फूट उंच माणूस. तो वाकून, अगदी जपून, बस जांभळीपर्यंत घेऊन गेला. प्रवासी जांभळीखाली उतरले. त्याने तीनदा प्रयत्न केला, मग सुतळी दूर्वाच्या हातात परत दिली.

"हिचा हात बसलाय साहेब," तो म्हणाला. "माझा नाही बसायचा."

शेवटी हेरवाडकरांनी दूर्वाला समोर बोलावलं. "बाळ, तूच सांग. हे काय आहे?"

"बस आहे."

"मग तू खेळतेस कशाशी?"

"मी खेळत नाही," दूर्वा म्हणाली. "मी आईला आणायला केली होती. पण आई सहाला सुटते."

अंगणात बोरिंगवर कुणीतरी हंडा भरत होतं. ते थांबलं. हेरवाडकरांनी वही पुन्हा उघडली. "मग हा प्रश्न नोंदीचा नाही," ते म्हणाले. "वेळापत्रकाचा आहे. तालुक्याहून एक फेरी साडेसहाला. पण अंगणवाडी बंद असताना चालकाजवळ कोण थांबणार?"

"मी थांबेन," मालनताई म्हणाल्या.

"घरी स्वयंपाक?"

"होईल उशिरा."

त्यांनी शेरा लिहिला आणि सही केली. खेळणं की बस, या रकान्यात काय लिहिलं ते कुणी विचारलं नाही.

सोमवारी संध्याकाळी दूर्वा सहापासूनच जांभळीपाशी सुतळी धरून उभी होती. दुपारी मामीने कितीही थोपटलं तरी ती झोपली नव्हती. साडेसहाला तिने बस वळवली आणि ओढायला सुरुवात केली. खिडक्यांतून आत चार माणसं दिसत होती. पुढच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन, सारिका होती.

अंगण अर्ध्याहून जास्त ओलांडलं आणि दूर्वाची पावलं वाकडी पडू लागली. मग ती थांबली. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटले, मान पुढे आली, पण सुतळी तिने सोडली नाही. बस जागच्या जागी उभी राहिली. खिडकीतून सारिका बाहेर बघत होती. तिला उतरताही येत नव्हतं, कारण बस अजून रस्त्यात होती.

मामी पुढे झाली. "मी ओढते."

"नको," मालनताई म्हणाल्या. "पुन्हा जांभळीखाली जातील सगळे."

त्यांनी झोपलेल्या दूर्वाला अलगद उचलून कडेवर घेतलं. तिची मूठ तशीच सुतळीवर राहू दिली आणि आपला हात खाली लावून धरला, नुसता आधाराला. मग त्या बोरिंगपर्यंत चालल्या. बस मागून आली.

प्रवासी उतरले. लेकरू जागं होऊ नये म्हणून कुणी मोठ्याने बोललं नाही. आप्पांनी सवयीने जोरात हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. सारिका सगळ्यांच्या शेवटी उतरली. तिने डबा खाली ठेवला आणि मालनताईंकडून लेकीला घेतलं. मूठ उघडून सुतळी काढायला दोघींना थोडा वेळ लागला.

"जेवली का ही?" सारिकाने विचारलं.

"उठली की तुमच्याबरोबर जेवेल," मामी म्हणाली.

सकाळी दूर्वाला जाग आली तेव्हा आई शेजारी वेणी घालत बसली होती. रात्री ती अर्धवट झोपेतच जेवली होती आणि तिला काहीच आठवत नव्हतं. बस पोचल्याचं आपल्याला दाखवलं नाही म्हणून ती आधी रुसली, मग आईच्या मांडीत जाऊन बसली. सारिकाची पाळी आठची होती. म्हणून पहिली फेरी त्या दिवसापासून सव्वासातला सुटू लागली.

सारिका खिडकीपाशी बसली. दूर्वाने सुतळी हातात घेतली आणि निघाली. ती पाऊल फार छोटं टाकत होती, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून, आणि मध्येमध्ये वळून खिडकीकडे बघत होती. मालनताई दारात उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, पण तिला घाई केली नाही.

सारिका कारखान्यात वीस मिनिटं उशिरा पोचली. मुकादमाने कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं, बस हळू होती. त्याने तेवढंच लिहून घेतलं.